उतार एक येईपर्यंत

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस माझ्याकडे स्वतः तयार केलेले चौदा रेणू होते. एनएमआर (रेणूची रचना दाखवणारी चाचणी) स्वच्छ, शुद्धता चांगली. हिस्टामिन हे ॲलर्जीत शरीरात सुटणारं रसायन; ते पेशीवरच्या ज्या जागेवर बसून काम करतं, त्या एच-१ रिसेप्टरवर माझे रेणू बसून त्याला अडवतात का, एवढंच बघायचं राहिलं होतं. हे ‘एवढंच’ आठ महिने चाललं.

गिनीपिगच्या लहान आतड्याचा शेवटचा भाग, म्हणजे इलियम, या कामासाठी फार जुन्या काळापासून वापरतात. दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा टायरोडच्या द्रावणात (शरीरातल्या क्षारांसारखं खारं पाणी) ३७ अंशांवर दोऱ्याने टांगायचा, खालून कार्बोजेनचे (ऑक्सिजन आणि थोडा कार्बन डायऑक्साइड) बुडबुडे सोडायचे आणि तो शांत होईपर्यंत तासभर थांबायचं. मग हिस्टामिन घातलं की तो आकसतो. प्राण्यांच्या संख्येला नैतिकता समितीची मंजुरी लागते, त्यामुळे एका इलियमचे चार तुकडे करून चार बाथ, म्हणजे द्रावणाची भांडी, लावायचे. दोरा बांधताना तुकड्याचं तोंड बंद होता कामा नये, हे मला लॅबमधल्या मामांनी शिकवलं. त्यांचा हात इतका हलका होता की त्यांनी टांगलेला तुकडा संध्याकाळपर्यंत इमानाने उत्तर द्यायचा.

परीक्षा होती ती शिल्ड प्लॉटची. अरुणलक्षणा आणि शिल्ड यांनी १९५९ साली मांडलेली ही पद्धत आजही चालते. अँटागोनिस्ट, म्हणजे हिस्टामिनला अडवणारा रेणू, घातल्यावर तेवढाच परिणाम मिळवायला हिस्टामिन किती पट जास्त लागतं, ते मोजायचं. त्या पटीतून एक वजा करून लॉग घ्यायचा आणि अँटागोनिस्टच्या मात्रेच्या लॉगसमोर मांडायचा. सरळ रेषेचा उतार एक आला, तर हिस्टामिन आणि अँटागोनिस्ट एकाच जागेसाठी स्पर्धा करत आहेत असं मानायला आधार मिळतो. रेषा आडव्या अक्षाला छेदते तिथून पीए-२ वाचायचा; हा आकडा जितका मोठा तितका अँटागोनिस्ट जोरदार.

माझ्या नवव्या रेणूचा उतार आला १.५. पुन्हा केला, १.४. मीटिंगमध्ये हा रेणू बाजूला ठेवायचं ठरलं आणि मी त्या रात्री होस्टेलवर जेवले नाही.

वाट सापडली ती मेपिरामिनमुळे. हे एच-१ अडवणारं प्रमाणित औषध, इलियमवर त्याचा पीए-२ नऊच्या थोडा वर यायला हवा. मी त्याचा प्लॉट काढला तर उतार १.३. म्हणजे खोट माझ्या रेणूत नव्हती, माझ्या हातात होती. अँटागोनिस्ट घातल्यावर मी दहा मिनिटंच थांबत होते. मात्रा जितकी कमी तितका समतोल यायला जास्त वेळ लागतो. घाईत कमी मात्रांचा परिणाम अपुरा दिसतो, जास्त मात्रांचा जवळपास पूर्ण, आणि रेषा उगाच उभी होते. पुस्तकात हे मी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं.

मग चाळीस मिनिटं. एका तुकड्यावर दिवसाला एकच मात्रा. सकाळी आठला सुरू, दिवेलागणीनंतर सुट्टी. रेणू विरघळवायला वापरलेलं डीएमएसओ स्वतःच आतडं सैल करतं, म्हणून प्रत्येक वेळी नुसत्या डीएमएसओचा बाथ वेगळा.

त्या दिवसांत औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांच्या गटाची गोष्ट मला फार आधार देत असे. इंग्लंडमधल्या वेल्विन गार्डन सिटीतल्या प्रयोगशाळेत हिस्टामिनचा दुसरा, जठरात आम्ल सोडायला लावणारा रिसेप्टर अडवणारा रेणू शोधताना पहिली चार वर्षं हाती काही लागलं नाही. ग्वानिलहिस्टामिन हा रेणू सुरुवातीलाच तयार झाला होता. पण तो स्वतःच थोडं उत्तेजन देतो, त्यामुळे त्याचा अडवण्याचा गुण झाकला गेला. चाचणी सुधारून पुन्हा तपासल्यावर तो दिसला. तिथून बाजूची साखळी लांबवत १९७२ मध्ये ब्युरिमामाइड, मग मेटियामाइड, आणि १९७६ साली सिमेटिडिन बाजारात. जठराच्या अल्सरवरची कितीतरी ऑपरेशनं त्या गोळीने टळली. रेणू बाटलीत होताच, हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

मार्चमध्ये मेपिरामिनचा उतार १.०३ आला, पीए-२ ९.२. दुसऱ्या दिवसापासून नववा रेणू लावला. तीन आठवड्यांनी त्याचा उतार ०.९८, पीए-२ ७.१. मेपिरामिनपेक्षा सव्वाशे पट दुबळा, पण स्पर्धा करणारा. सरांनी आलेख बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “साखळीत एक कार्बन कमी करून बघितलास का?”

त्याच संध्याकाळी मी नवा रेणू बनवायला पुन्हा फ्यूम हूडपाशी उभी होते.