आमची वाटचाल : शोकपत्रिकेपासून आजीच्या पुस्तकापर्यंत

साताऱ्यातलं आमचं छपाईचं दुकान लग्नपत्रिका, बिलबुकं आणि शोकपत्रिकांवर उभं राहिलं. शोकपत्रिकेत घरातल्या थोरल्या बाईला ठरलेली तीन विशेषणं मिळायची : प्रेमळ, कष्टाळू, धार्मिक. नव्वदी ओलांडलेल्या बाईचं आयुष्य तेवढ्यात आटपावं हे आम्हाला पटेना. त्यातून आजी-पणजींची पुस्तकं करून द्यायचं काम सुरू झालं आणि आज दुकान प्रामुख्यानं त्यावरच चालतं. आमचा आग्रह एकच : तिनं काय केलं ते मापासकट, सालासकट लिहायचं.

सुरुवात जन्मतारखेपासून अडते. शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर ती बहुधा गुरुजींनी घातलेली. गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, नोंद मिळू शकते, पण जुनी पानं मोडी लिपीत असतात आणि मुलीचं नाव पुष्कळदा नसतंच. बापाचं नाव आणि पुढे नुसतं ‘मुलगी’. म्हणून शोध माहेरच्या आडनावानं घ्यावा, सासरच्या नावानं ती तिथे सापडणार नाही. साल शकात असेल तर ७८ मिळवा; इंग्रजी जानेवारी लागल्यापासून फाल्गुनाअखेरपर्यंत ७९. संवत्सर, म्हणजे पंचांगातलं त्या वर्षाचं नाव, ठाऊक असेल तर पडताळा होतो : शके १८५०, विभव संवत्सर, म्हणजे १९२८-२९.

कागदच नसेल तर घटनांचा आधार. ‘थोरला धोंड्याच्या श्रावणात झाला’ एवढं आजीला आठवलं तरी पुरतं. अधिक श्रावण १९४७ मध्ये आला, त्यानंतर १९५८ आणि १९६६ मध्ये. मधे आठ-अकरा वर्षं असल्यानं घोटाळा होत नाही. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. ‘भूकंपाच्या वेळी कडेवर कोण होतं?’ या एका प्रश्नावर मुलांचा क्रम लागतो. १९७२ च्या दुष्काळात मिलो (रेशनवरची लाल ज्वारी) खाल्ला का, खडी फोडायला गेलात का, हेही विचारावं.

आजी हयात असेल तर पुस्तकाआधी तिचा आवाज घ्या. थांबायचं कशाला? पंखा आणि फ्रिज बंद, माइक तोंडापासून वीतभर, बसायचं तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला. सकाळचा चहा झाल्यावर पाऊण तास, त्याहून जास्त नाही. थकल्यावर ती ‘हो’ला ‘हो’ म्हणू लागते आणि ते उत्तर निरुपयोगी. रेकॉर्डिंग आवाज न दाबणाऱ्या वेव्ह (WAV) फाइलमध्ये ठेवावं. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून घेतलेला आवाज दाबला जातो, पुढे साफ करता येत नाही. ‘बालपण कसं होतं?’ असं विचारलं की ‘बरं होतं’ एवढंच येतं. ‘चूल कुठल्या भिंतीला होती? पाणी कुठून आणायचात?’ असं विचारा, मग घर उभं राहतं. ओव्या तर नुसत्या बसून आठवत नाहीत. जातं पुढ्यात ठेवून खुंट्याला हात लावू दिला की एकीमागून एक सुटतात. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या संशोधकांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. एकेका बाईच्या तोंडी किती साठा असतो याचा त्यावरून अंदाज यावा.

पदार्थांच्या बाबतीत ‘अंदाजानं’ हा शब्द आम्ही छापत नाही. तिची मूठ आणि तिची वाटी भरून घेऊन तराजूवर ठेवतो. पायली, मापटं, चिपटं तसंच लिहितो, पण चार शेरांची पायली हे आकाराचं माप. ज्वारीची आणि बाजरीची पायली वजनात सारखी भरत नाही, म्हणून कंसात ग्रॅम देतो. मसाला कच्चा असताना आणि कुटून चाळल्यावर, दोन्ही वेळा वजन करावं.

फोटोंत सगळ्यात नुकसान करतो तो घाईतला हात. दमटपणानं काचेला चिकटलेला फोटो ओढला की चेहरा काचेवर राहतो. तो काचेसकटच टिपायचा. दोन बाय तीन इंची फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला तर छपाईत चार बाय सहापर्यंत नीट येतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो तांबूस होतात, कारण त्यांतलं निळसर रंगद्रव्य आधी उडतं. ते संगणकावर बरंचसं सावरता येतं. लॅमिनेशन केलेला फोटो मात्र सोडवता येत नाही. मागे नावं मऊ पेन्सिलीनं लिहावीत. बॉलपेन पुढे उमटतं.

पुस्तक डेमी १/८ (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) आकाराचं, सोळा पानांचे पाच फॉर्म म्हणजे ८० पानं, अक्षर १४ पॉइंट, कारण पहिली वाचक तिची धाकटी बहीण असते. बाइंडिंग शिवणीचंच घ्या. नुसत्या गोंदाचं चार हातांत फिरलं की पानं सोडतं. वर्षश्राद्धाला पुस्तक हवं असेल तर चार महिने आधी यावं. तेराव्यासाठी चार पानी घडीपत्रकच होऊ शकतं.

शेवटची वंशावळ दोन वेगवेगळ्या शाखांतल्या माणसांकडून तपासून घेतो. तीत मुलींच्या शाखा मुलांच्या इतक्याच खाली नेतो, सुनांची माहेरची नावं देतो, आणि आजीच्या माहेरच्या किमान दोन पिढ्या मिळाल्याशिवाय ते पान छपाईला सोडत नाही.