तीन बॉल

मंगळवार, रात्री साडेअकरा

परत येताना गाडीत ओम म्हणाला, "बाबा, आज मला तीनच बॉल मिळाले." तक्रारीचा सूर नव्हता. बाहेर पाऊस थांबलाय, असं सांगावं तसं सांगितलं आणि खिडकीतून बघत बसला. तेव्हापासून ते तीन बॉल माझ्या डोक्यातून जात नाहीयेत.

आधी रागच आला. मीटिंग अर्धी टाकून निघालो होतो. हेल्मेटं, बॅटा, बेस, बॉलची बादली, सगळं डिकीतून एकट्याने मैदानात वाहून नेलं. बाकीचे आईबाप गाड्यांत बसून फोन बघत होते. सीझनच्या सुरुवातीला कोच कोण होणार म्हणून विचारलं, तेव्हा हात मीच वर केला होता. आयुष्यभर क्रिकेट खेळलेला माणूस मी, पोरासाठी बेसबॉल अगदी पहिल्यापासून शिकलो. आणि वर हे. मेधाला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग तीनच होते का?" जेवताना तिच्याशी धड बोललो नाही.

तीनच होते. भांडी घासताना हिशेब केला. बारा मुलं, ग्राउंडरची, म्हणजे सरपटत येणारा बॉल उचलायची एकच रांग, पंचवीस मिनिटं. मी होम प्लेटजवळून, म्हणजे बॅटिंगच्या जागेवरून, बॅटने बॉल जमिनीलगत मारायचा, शॉर्टस्टॉपच्या जागेवरच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या) मुलाने तो उचलून फर्स्ट बेसला फेकायचा आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. एका बॉलला अर्धा मिनिट सहज जातं. फेक चुकली की कुंपणापर्यंत धावाधाव. त्यात दर थोड्या वेळाने सगळ्यांना थांबवून माझं दाखवणं: पाय फाकवा, बूड खाली, ग्लव्ह मातीला टेकलेला, दुसरा हात वरून झाकणासारखा. दाखवायला तर हवंच. आपल्याकडे गुडघा टेकून बॉल अडवायला शिकवतात. इथे गुडघा टेकून उठेपर्यंत पळणारा पोरगा ६० फुटांवरचा बेस गाठतो. पण किती वेळ दाखवायचं? पंचवीस मिनिटांत चाळीसेक बॉल झाले असतील. बाराने भागले की तीन, फार तर चार.

आणि ते चाळीसच्या चाळीस मी मारले. आज सगळ्यात जास्त प्रॅक्टिस माझी झाली. लिहिताना लाज वाटतेय.

पिचरचे, म्हणजे बॅटरला बॉल टाकणाऱ्याचे बॉल मात्र मी न चुकता मोजतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने एका दिवसात ७५ च्या वर पिच टाकायचे नाहीत, हा लिटल लीगचा, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉल संघटनेचा नियम. कोवळा हात दुखावू नये म्हणून. मॅचभर अंगठा क्लिकरवर असतो माझा. जास्त होऊ नयेत म्हणून मोजतो. कमी पडले ते ओमने मोजले.

रांगेतलं आता आठवतंय. ओम पाचवा उभा होता, बुटाच्या टोकाने लाल मातीत गोल काढत होता. गोलात दोन डोळे काढले, मग तोंड काढायला घेतलं आणि तेवढ्यात त्याचा नंबर आला. बॉल त्याच्या पायांमधून गेला. लक्ष कुठे आहे म्हणून मी ओरडलो. रांगेत परत गेल्यावर त्याने पायाने ते चित्र पुसून टाकलं.

सांगलीला नेटमध्ये आधी मोठी मुलं खेळायची. माझी बॅटिंग येईपर्यंत बॉल दिसेनासा झालेला असायचा. घरी कधी बोललो नाही. अण्णांकडे तर नाहीच. ओमने सांगितलं. बरं झालं, सांगितलं.

किराणाच्या बिलामागे मैदान काढलंय. चार कोपरे, प्रत्येकात तीन मुलं, आठ मिनिटं झाली की जागा बदलायची. ग्राउंडरला बॅट नाहीच. पंधरा फुटांवरून एकाने हाताने बॉल सरपटत सोडायचा, एकाने उचलून फेकायचा, तिसऱ्याने झेलायचा. मिनिटाला पाच बॉल धरले, तरी आठ मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला तेरा. ज्यांना अजून बॉलची भीती वाटते, त्यांना टेनिसचा. दुसऱ्या कोपऱ्यात जाळीसमोर टीवर (बॉल ठेवायच्या उभ्या दांड्यावर) बॅटिंग, तिसऱ्यात उंच कॅच, चौथ्यात बेसवर पळणं. गोंगाट होईल. सगळ्यांकडे एकदम बघता येणार नाही, कोणाचा तरी गुडघा टेकेलच. टेकू दे. तेरातल्या एखाद्या वेळी नाही टेकणार. गाड्यांत बसणाऱ्या आईबापांपैकी दोघांना खाली उतरायला सांगणार आहे, स्पष्टच.

मी कुठे उभा राहणार, ते मात्र कागदावर लिहायचंच राहिलं. टीपाशी राहीन बहुतेक. तिथे प्रत्येक फटक्यानंतर बॉल ठेवून द्यायला कोणीतरी लागतं.