पालीचा रंग टिकतो का?

"पाली पाळून काय करायलाव ओ?" लातुरात हे मला दूधवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. मी लेपर्ड गेको नावाच्या पाली पैदा करून विकतो. ही पाल भिंतीवर चढत नाही, तिला पापण्या असतात, हे सांगून मी थकलो. आजोबा हाळीच्या बाजारात देवणी गोऱ्हा रंगाने वानेरा की शेवरा, यावर अर्धा दिवस घालवायचे. त्यांना कुणी हसलं नाही.

बोचतो तो दुसरा प्रश्न, गिऱ्हाइकांचा. रंग टिकतो का?

टिकतो. म्हणजे, काहींचा.

टँजरीन म्हणजे या पालींचा नारिंगी वाण. त्याचा रंग एका जीनचा खेळ नाही, पिढ्यान् पिढ्या जोड्या निवडत तो गडद करावा लागतो. पण अंडी ३२ अंशांवर ठेवली तर पिल्लं उजळ निघतात, २७ वर ठेवली तर मळकट. मला हे ठाऊक होतं. मी ३२ वरच ठेवायचो.

अंबाजोगाईचा एक मुलगा, सातवी-आठवीतला, साठवलेले पैसे घेऊन आला आणि चार महिन्यांची मादी घेऊन गेला. पिकल्या संत्र्यासारखी होती. दीड वर्षाने बापाच्या मोटरसायकलवर मागे बसून परत आला, मांडीवर डबा. आत मातकट, ठिपक्याठिपक्यांची पाल. तक्रार नव्हती त्याची. "काका, ही आजारी तर नाही ना?"

मी काय म्हणालो असेन? "कॅल्शियम कमी पडलं असेल."

"पावडर लावतो की ओ काका. तिला घालतो त्या प्रत्येक किड्याला." एवढंच बोलून त्याने झाकण लावलं.

त्या हिवाळ्यात त्याच जोडीची अंडी मी २७ वर ठेवली. सगळी पिल्लं मळकट. रंग रक्तात नव्हताच, उबेत होता.

तेव्हाचा मी म्हणेल, फसवलं कुठे? विकताना ती नारिंगीच होती. खरं आहे. शिवाय पक्का रंग म्हणजे चांगला, असंही नाही. लेमन फ्रॉस्ट या दुसऱ्या वाणाचा पिवळा पिढीला पिढी उतरतो, पण त्यातल्या बहुतेकांना कॅन्सरच्या गाठी होतात. २०२१ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की रंग आणि गाठी एकाच जीनच्या पदरात आहेत. हे मी गिऱ्हाइकांना हिरिरीने सांगतो. दुसऱ्याच्या पालीबद्दल खरं बोलायला सोपं असतं.

आता २७ वरच उबवतो आणि दीड वर्ष सांभाळल्याशिवाय विकत नाही. मे महिन्यात लातुरात २७ अंश म्हणजे खोलीला एसी. इन्क्युबेटर गरम करतो, गार करत नाही. लाईट गेली की मी बर्फाच्या बाटल्या घेऊन पळतो आणि बायको नुसती बघते. अकरा मळकट पाली रॅकमध्ये बसून मिलवर्म खातात. कुणी घेत नाही, मीही फुकट देत नाही. का, ते मला धड सांगता येत नाही.

त्या मुलाचा नंबर फोनमध्ये आहे. अजून तो प्रत्येक किड्याला कॅल्शियम लावत असेल.