उसवलेला हत्ती

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बोस्टॉक नावाच्या बाईने भरलेला एक सँपलर, म्हणजे भरतकामाचे नमुने उतरवलेलं कापड, आहे. साल घातलेल्या ब्रिटिश सँपलरांतला हा सर्वांत जुना, १५९८चा. ॲलिस ली नावाच्या मुलीचा जन्म त्यावर टाक्यांनी नोंदवलाय. अक्षरं आहेत, प्राणी आहेत, आणि एक हत्तीही आहे, म्हणजे होता. पाठीवर बुरूज घेतलेला. (आपण अंबारी दिली असती, तिकडच्या हत्तीवर थेट बांधकाम!) हा हत्ती भरून मग उसवलाय, आणि चारशे वर्षांनंतरही त्याच्या खुणा कापडावर दिसतात.

त्या काळी सँपलर म्हणजे बायकांची टाचणवही. छापील नमुने कमी आणि महाग. कुणाच्या उशीवरची वेल आवडली की तिचा वीतभर तुकडा आपल्या लिननच्या पट्टीवर उतरवायचा आणि पट्टी गुंडाळून पेटीत ठेवायची. सतराव्या शतकात हीच पट्टी मुलींची पाटी होत गेली. पुढे आठ-दहा वर्षांच्या पोरीच्या सँपलरवर मुळाक्षरं आणि आकडे हमखास दिसू लागले. त्यांचा खरा उपयोग चादरी ओळखायला. मोठ्या घरात कपडे महिनोन्‌महिने साठवून एकदम धुतले जात. मग प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात मालकिणीची आद्याक्षरं आणि खाली क्रमांक घालायचा. क्रमांकाने पाळी लावली की सगळ्या चादरी सारख्या झिजतात. जुन्या पट्ट्यांवर जे आणि यू ही अक्षरं मात्र शोधू नयेत. मुलगी विसरलेली नसते, तेव्हा आय-जे आणि यू-व्ही या जोड्या एकेकच अक्षर धरत.

आपल्याकडे मॅटीवर फुलीचा टाका घातलेल्यांना हे काम सोपं वाटेल. पण मॅटीवर चौकटी तयार असतात, लिननवर प्रत्येक धागा डोळ्यांनी मोजावा लागतो. दोन आडवे, दोन उभे धागे धरून एक फुली. इंचाला चाळीस धागे असतील तर इंचाला वीस फुल्या, आणि सात फुल्या उंचीचं अक्षर जेमतेम एक तृतीयांश इंचाचं. गाठ मारायची नाही. दोऱ्याचं टोक मागे सोडून पहिल्या चार-पाच टाक्यांखाली दाबायचं, नाहीतर इस्त्री केल्यावर गाठ पुढून फुगते. दोरा हातभरच घ्यायचा, कारण रेशीम कापडातून जाता-येता घासून तंतू सोडतं. सगळ्या फुल्यांचा वरचा टाका एकाच दिशेला झुकलेला हवा. एखादी फुली उलटी पडली तर रंग तोच असूनही ती वेगळी चमकते. आणि दोरा फार ओढला की कापडाला जाळी पडते.

खरी गंमत एका धाग्याच्या चुकीत आहे. अक्षरांच्या ओळीत ती पचते, कुणाच्या लक्षातही येत नाही. चौकटीच्या वेलीत पचत नाही. वेल तीन बाजू फिरून चौथ्या कोपऱ्यात येते, तेव्हा पान अर्धंच मावतं. आता एकतर हातभर वेल उसवायची, नाहीतर कोपऱ्यात एक तिरकं फूल दडपून द्यायचं. अशी दडपलेली फुलं बऱ्याच सँपलरांवर सापडतात आणि ती कोपऱ्यांतल्या नीटस पानांपेक्षा जास्त बोलकी असतात. दुसरी चूक कापडाचीच. उभे धागे आडव्यांपेक्षा दाट असले की मोजणी बिनचूक असूनही अक्षरं उंच आणि किडकिडीत होतात. तिथे मुलीने बोलणी खाल्ली असतील तर फुकट खाल्ली.

सँपलर पाहायला मिळालाच तर उलटा करून पाहावा. पुढचे रंग उजेडाने विटलेले असतात, मागे अस्सल रंग टिकतो. पुढून गवत निळं दिसतं, कारण हिरवा रंग निळीवर पिवळा चढवून करत आणि त्यातला पिवळा आधी उडतो. काळ्या-तपकिरी रेशमाचं तर याहून वाईट. त्या रंगात लोह असे, ते रेशीमच कुजवतं. मग पाखराचा डोळा गळून पडतो आणि जागेवर सुईची भोकं तेवढी उरतात.

याच संग्रहालयात ससेक्सच्या एलिझाबेथ पार्करचा सुमारे १८३०चा सँपलर आहे. वेल नाही, पाखरू नाही. लिननवर लाल रेशमी फुल्यांनी लिहिलेल्या ओळीच ओळी. मला लिहिता येत नाही म्हणून हे इथे मांडते, अशी सुरुवात. नोकरीच्या घरात झालेला छळ, जीव देण्याचे विचार, सगळं धागे मोजून. माझ्या आत्म्याचं काय होणार, एवढं विचारून मजकूर वाक्यात मध्येच थांबतो. चादरींसाठी शिकवलेली अक्षरं तिने या कामी लावली.

बाकीच्यांनी मात्र पानं, फुलं, नाव, वय आणि साल घालून सँपलर पुरा केला, चौकटीत बसवला, भिंतीवर लावला. पुढे तीस-चाळीस वर्षांनी घरी येणारं कुणीही ते साल वाचून बाईंचं वय काढू लागलं. मग काही बायकांनी चौकट उतरवली, काच काढली आणि सालाचे शेवटचे दोन आकडे उसवून टाकले. अशा जागेवर उजेड तिरका पाडावा. भोकं मोजली की आकडा वाचता येतो.