तुम्ही विचारलंत म्हणून: टायर रिमपेक्षा अरुंद का?

प्रश्न येतो त्याआधी एक छोटा विधी होतो. माणूस गाडीला अर्धी चक्कर मारतो, पुढच्या चाकापाशी वाकतो, टायरच्याही बाहेर आलेल्या रिमच्या कडेवरून बोट फिरवतो आणि मग वर बघून विचारतो, "मोठा टायर मिळाला नाही का?"

मिळत होता. मुद्दाम लहान घेतला. एवढं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मला आता पाठ आहे. सिग्नलला शेजारच्या गाडीतून काच खाली करून विचारलं गेलंय, पंपावर हवा भरणाऱ्या पोराने विचारलंय, सख्ख्या काकांनी दर भेटीत विचारलंय. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. अलॉय का घातले, गाडी इतकी खाली का बसवली, ते राहू द्या. त्यावर आपलं बोलून झालंय. फक्त टायरचं बोलू.

खरं उत्तर चार शब्दांचं आहे: मला तसं दिसायला आवडतं. भिंती ताणून आत कललेला टायर आणि त्याच्या बाहेर उघडी पडलेली रिमची कड. जपानमध्ये याला हिप्पारी म्हणतात, म्हणजे ओढलेला टायर. हे चार शब्द मी बरीच वर्षं कुणालाही सांगितले नाहीत. वयाने वाढलेल्या माणसाने 'आवडतं' म्हणून हजारो किलोमीटर असं काही चालवावं, हे मलाच कबूल करवत नव्हतं. मग मी कारणं द्यायचो. कारणं माझ्याकडे भरपूर होती, आणि त्यातली काही खरीही होती.

पहिलं कारण जागेचं. माझ्या गाडीची मूळ रिम १५ इंची, ६ इंच रुंद, ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून ती गाडीला जुळते त्या जागेचं अंतर, मिलिमीटरमध्ये) ४०. नवीन रिम तितक्याच उंचीची, पण ९ इंच रुंद, ऑफसेट ३०. रुंदी ३ इंच वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना ३८-३८ मिलिमीटर. ऑफसेट १० ने कमी झाला, म्हणजे चाक आणखी १० मिलिमीटर बाहेर सरकलं. हिशेब केला तर बाहेरची कड ४८ मिलिमीटर बाहेर आली आणि आतली २८ आत गेली. आता ९ इंचाला शोभेल असा रुंद टायर यावर चढवला, तर त्याचा खांदा पहिल्याच स्पीडब्रेकरला फेंडरची, म्हणजे चाकावरच्या पत्र्याची, कड खरवडणार. अरुंद टायरचा खांदा आत झुकतो आणि फेंडरखालून निसटतो. कारण खरं आहे, नाही असं नाही. पण ९ इंचाची रिम घ्यायला मला कुणी सांगितलं होतं, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही ते आपणहून काढलं नाही.

दुसरं कारण स्टिअरिंगचं. रेस ट्रॅकवर जाणारे लोक टायरच्या मानाने रिम थोडी रुंद घेतात. टायरची भिंत ताठ उभी राहते, वळताना कमी लचकते, स्टिअरिंग वळवलं की गाडी लगेच ऐकते. हेही खरं. मी हे इतक्या आत्मविश्वासाने सांगायचो की एकदोघांनी वही काढायचीच बाकी ठेवली होती. त्या वेळच्या स्वतःला आज समोर बसवलं तर एकच विचारीन: थोडी म्हणजे किती रे बाबा? माझा टायर १९५/५०, म्हणजे १९५ मिलिमीटर रुंद आणि भिंतीची उंची त्या रुंदीच्या ५० टक्के. कंपन्यांच्या तक्त्यात त्याला साडेपाच ते ७ इंचाची रिम चालते. तो १९५ चा आकडासुद्धा ६ इंचाच्या रिमवर मोजलेला असतो. रिम अर्धा इंच वाढली की टायर साधारण ५ मिलिमीटर पसरतो, त्यापलीकडे तो बिचारा काय करणार? ९ इंच म्हणजे जवळजवळ २२९ मिलिमीटर. ट्रॅकवाले ज्याचे गुण गातात ते ७ इंचाचं प्रकरण. त्या ७ इंचांचं समर्थन मी माझ्या ९ इंचांना वापरत होतो.

तो लगेच उलट बोलेल, मला माहीत आहे. म्हणेल, दोन पावसाळे काढले की, कुठे काय झालं? त्यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

टायरवाल्याकडे मात्र होतं. पहिल्या दिवशी त्याने रिम हातात धरली, टायर बघितला आणि दोन्ही खाली ठेवले. "बसवून देईन साहेब. पण बसलेला राहील, हे मी म्हणणार नाही." मग टायरच्या पाठीवरून पट्टा आवळून त्याने भिंती बाहेर फुगवल्या, साबणाचं पाणी लावलं, हवेच्या टाकीतून एकदम झोत सोडला आणि दोन खणखणीत आवाज होऊन बीड (टायरच्या रिमवर बसणाऱ्या दोन कडा) जागेवर गेले. (काही जण पेटणारा स्प्रे आत मारून काडी लावतात, स्फोटाच्या दाबाने टायर बसवतात. तसं माझ्यासमोर कुणी करायला लागलं तर मी तिथून निघून जातो. एवढी अक्कल मला पहिल्यापासून होती, याची नोंद असावी.)

आणि एक बोलूनच घेतो. मला हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी कित्येकांच्या टायरवर नक्षी उरलेली नसते. स्टेपनीत हवा आहे की नाही हे त्यांना स्टेपनी काढावी लागते तेव्हा कळतं. मी दर रविवारी गेज लावून हवा बघायचो. चाळीसला चाळीस. निदान त्या रविवारपर्यंत तरी.

त्या रविवारी भाचा आला होता. कॉलेजात नुकताच गेलेला, गाड्यांचं वेड माझ्याकडूनच लागलेला. ताई मला त्याबद्दल अधूनमधून टोमणे मारते. आम्हाला तिघाचौघांना भेटायला जायचं होतं, उशीर झाला होता. गेज गाडीतच होतं. निघताना तो म्हणाला, "मामा, हवा बघूया ना आधी?" मी चाकांकडे एक नजर टाकली, पुढच्या डाव्याला बुटाने हलकी लाथ मारली आणि म्हणालो, "बघितली."

ही नजर टाकण्याची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण सगळं तिथेच आहे. साध्या टायरमधली हवा कमी झाली की तो खाली पोट सोडतो, आणि ते लांबून दिसतं. ओढलेल्या टायरला पोटच नसतं. त्याच्या भिंती रिमनेच ताणून धरलेल्या असतात. हवा निम्म्यावर आली तरी तो तसाच तरतरीत, रुबाबदार उभा असतो. ज्या दिसण्यासाठी मी तो घेतला, त्याच दिसण्याने मला फसवलं. आदल्या आठवड्यात ते चाक एका खड्ड्यात आदळलं होतं. साध्या चाकात टायरची भिंत रिमच्या थोडी बाहेर असते, धक्का निदान तिला वाटून मिळतो. माझ्याकडे पहिला मान रिमच्या कडेचा. आतली कड किंचित दुमडली होती, तिथून हवा हळूहळू जात होती. हे मला नंतर कळलं.

उजवं वळण होतं. वेग चाळीस-पंचेचाळीसच्या आत, शपथेवर सांगतो. भाचा डावीकडे बसलेला, मोबाइलवर कुठल्यातरी रिमचा फोटो मला दाखवत होता. मी वळण घेतलं, भार डाव्या पुढच्या चाकावर गेला, आणि 'फट्' असा आवाज आला. मोठा नव्हे, पिशवी फुगवून फोडावी तेवढा. लगेच खालून धातू डांबरावर घासल्याचा आवाज, आणि स्टिअरिंग हातात हलकं झालं. मी उजवीकडे वळवत होतो आणि गाडी सरळ चालली होती. समोर कठडा नव्हता, झाड नव्हतं, माणूस नव्हता. यातल्या एकाही गोष्टीचं श्रेय माझं नाही. रस्त्याच्या कडेला खडीचा ढीग होता. गाडी त्यात नाक खुपसून थांबली.

काय झालं असणार ते मी नंतर इतक्या वेळा मनात मांडलंय की आता ते संथगतीत दिसतं. बीड म्हणजे रबरात गुंडाळलेलं तारेचं कडं. ते रिमच्या उतरत्या बैठकीवर बसतं आणि आतली हवा त्याला बाहेरच्या कडेवर दाबून धरते. शिवाय बैठकीच्या आतल्या बाजूला एक छोटा उंचवटा असतो, कड्याने आत घसरू नये म्हणून. वळणावर रस्ता टायरला गाडीच्या आतल्या बाजूला ढकलतो. माझ्या टायरची बाहेरची भिंत आधीच त्याच दिशेने ओढलेली, बीड तिरपा बसलेला, आणि त्याला दाबून धरणारी हवा कधीच उतरलेली. बाहेरचा बीड उंचवटा ओलांडून आत गेला. उरलेली हवा एका क्षणात गेली आणि गाडी रिमवर आली.

भाचा हसला. घाबरल्यावर हसतात तसा. मग म्हणाला, "मामा, तू बघितली होतीस ना?"

मी खाली उतरलो आणि उरलेल्या तीन चाकांना गेज लावलं. अडतीस, अडतीस, सदतीस. तीन चाकं का मोजत होतो कुणास ठाऊक. त्याच्याकडे बघावं लागू नये म्हणून असेल.

स्टेपनी काढली. तीच जुनी ६ इंची रिम, तोच १९५/५०, कंपनीने दिलेला. बारीक, बिनरुबाबाची. ती लावून आम्ही घरी आलो. वाटेत मी त्याला म्हणालो, "आईला सांगू नकोस." त्याने नाही सांगितलं. आजवर नाही. ताई, तू हे वाचत असशील तर आधी मला फोन कर, त्याला नको.

त्यानंतर बराच काळ लोकांनी विचारलं की मी म्हणायचो, "हो, चूकच होती." पण तेही पूर्ण खरं नाही. म्हणताना मला सुटल्यासारखं वाटायचं, आणि समोरच्यालाही जिंकल्यासारखं. नेमकं काय चुकलं ते मी ठरवू शकलेलो नाही. गेज लावलं असतं तर तो दिवस टळला असता. मग चूक आळसाची. पण साध्या टायरमध्ये तेवढीच हवा गेली असती तर तो चिखलात रुतल्यासारखा जड चालला असता, बहुधा रिमवरून उतरला नसता. मग चूक टायरची. आणि त्या टायरवर लिहिलेला ८२ हा भारांक, म्हणजे ४७५ किलो, कंपनीने तक्त्यातल्या रिमवर दिलेला शब्द आहे. ९ इंचावर तो शब्द कुणाचाच नव्हता. हे मला बसवताना माहीत होतं का? होतं. वाचलं होतं. तरीही बसवले.

९ इंची रिम माळ्यावर आहेत. विकल्या नाहीत. विकायच्या तर घेणारा मलाच विचारणार, यावर १९५ बसेल का. आज गाडीला ८ इंची रिम आहेत, त्यावर २०५/५०. आता तक्ता काढून बसाल म्हणून मीच सांगतो: त्या टायरची मर्यादा साडेसात. म्हणजे अर्धा इंच मी अजूनही बाहेर आहे. गेज दर रविवारी लागतं, आणि लांबच्या प्रवासाआधीही. लाथ मारत नाही. तरी तुम्ही वाकून बघाल तेव्हा थोडासा ताण दिसेल, आणि खरं सांगायचं तर तो तुम्हाला दिसावा अशी माझी इच्छा असते.

भाच्याने आता स्वतःची गाडी घेतली आहे. परवा त्याचा मेसेज आला, सोबत रिमचा फोटो. १५ इंची, ९ रुंद. "मामा, माळ्यावरच्या देतोस की या घेऊ? १९५ च घालणार. हवा रोज बघेन."

मी तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा पुसलं. मेसेज वाचल्याची खूण त्याला दिसली असणार.