तुम्ही विचारलंत म्हणून: हँडलवरचा मास्टर सिलिंडर

राजदूत 350 नव्याने उभी करणारी मंडळी भेटली की एक प्रश्न ठरलेला: "पुढे डिस्क बसवतोय. हँडलला शोभेल असा छोटा, देखणा मास्टर सिलिंडर सुचवा ना." सोबत मोबाइलवर फोटो असतात, लाल-सोनेरी रंगाचे, एकाहून एक चकचकीत. प्रश्न रास्त आहे. मास्टर सिलिंडर म्हणजे हँडलवरचा लिव्हर दाबला की डिस्क ब्रेकच्या तेलात दाब तयार करणारा भाग. तो चालवताना सतत डोळ्यांसमोर असतो, आणि तोच बेंगरूळ दिसला तर टाकी-मडगार्डवर घेतलेल्या मेहनतीची रया जाते.

डिस्कची हौसही मला मनापासून पटते. यामाहाच्या मूळ आरडी 350 ला परदेशात 1973 पासून पुढे डिस्क होती. एस्कॉर्ट्सने 1983 मध्ये ती इथे राजदूत म्हणून आणली, तेव्हा खर्च आवरायला पुढे-मागे ड्रमच दिले. इतक्या चपळ टू-स्ट्रोक गाडीला त्याहून चांगला ब्रेक मिळावा असं कुणालाही वाटेल. फक्त माझं उत्तर फोटोपासून सुरू होत नाही. ते बोअरपासून सुरू होतं.

बोअर म्हणजे आतल्या पिस्टनचा व्यास. चांगल्या कंपनीच्या मालावर बहुधा तो बॉडीच्या खालच्या बाजूला ओतलेला असतो: 1/2, 14, 5/8 असा. 1/2 इंच म्हणजे 12.7 मिमी आणि 5/8 म्हणजे 15.9 मिमी. फरक तीन मिलिमीटरचा, पण जोर पिस्टनच्या क्षेत्रफळावर वाटला जातो. लिव्हरची रचना सारखीच असेल, तर हाताच्या तेवढ्याच ताकदीत 1/2 चा सिलिंडर 5/8 च्या दीडपटीहून जास्त दाब तयार करतो. बदल्यात लिव्हर तेवढाच जास्त आत येतो. पातळ सिरिंज सहज दाबली जाते, जाड सिरिंजला अंगठा दुखतो, तसंच हे.

5/8 चे सिलिंडर बहुतेक करून दोन डिस्कच्या गाड्यांसाठी असतात. एका डिस्कवर तो लावला की लिव्हर दगडासारखा लागतो. "काय कडक ब्रेक आहे!" म्हणून लोक खूश होतात, आणि उतारावर गाडी मात्र थांबता थांबत नाही. कडक लिव्हर म्हणजे जोरदार ब्रेक ही समजूत डोक्यातून काढून टाकायला हवी, ती जिवावर बेतू शकते. एक डिस्क आणि दोन पिस्टनचा सरकता कॅलिपर (चाकाजवळ पॅडने डिस्क आवळणारा भाग) असेल तर मी 12.7 ते 14 मिमीच्या पुढे जात नाही. फार लहान बोअरही नको, नाहीतर लिव्हर थेट ग्रिपला टेकतो.

सोपा मार्ग असा, की कॅलिपर ज्या गाडीचा, मास्टरही त्याच गाडीचा घ्यायचा. हा हिशोब कंपनीने आधीच करून ठेवलेला असतो. आपल्या चाकणला ब्रेम्बोचा कारखाना आहे, आणि लहान-मध्यम गाड्यांसाठी 'बायब्रे' नावाने निघणारा त्यांचा माल आज कितीतरी भारतीय गाड्यांवर असतो. अशा गाडीचा पूर्ण सेट मिळाला तर चकचकीत, बिननावाच्या सिलिंडरकडे बघूसुद्धा नका.

आता रूप. बोअर जुळणारे दोन-तीन नग समोर ठेवले की मग मनासारखा निवडा. माझी पसंती काळ्या रंगाच्या, ओतीव, एकसंध बॉडीला. वर दोन स्क्रूंचं चौकोनी झाकण, बाजूला तेल दिसायची काचेची छोटी खिडकी. जुन्या क्रोमच्या हँडलवर तो जन्मापासून असल्यासारखा दिसतो. रंगीत ॲनोडाइज केलेला सुटा भाग कितीही सुबक असो, या गाडीवर उपराच वाटतो. ब्रेक ऑइल साठवणाऱ्या वरच्या कपाच्या बाबतीत मात्र छोट्या आकाराचा हट्ट धरू नका. पॅड झिजतात तसं ब्रेक ऑइल कपातून खाली कॅलिपरमध्ये उतरतं. कप फारच छोटा असेल तर पॅड झिजल्यावर त्यातलं तेल तळाला जातं आणि ब्रेकच्या नळीत हवा शिरते. हँडल सरळ असताना कप आडवा, समतल राहतो का हेही घेण्याआधीच धरून पाहा.

आटे तपासा. ब्रेकची नळी सिलिंडरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टला बँजो बोल्ट म्हणतात. जपानी पद्धतीच्या मालात त्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, साधारण 1.25 मिमी असतो, युरोपीय मालात 1.0. दोन्ही 10 मिमीचेच, दिसायला जुळे. चुकीचा बोल्ट दोन फेरे बसतो, मग ॲल्युमिनियमचे आटे खातो. तांब्याचे वॉशर नवेच घाला. आरसा बसवायचा आट्यांचा उंचवटा (बॉस) आणि ब्रेक लाइटच्या स्विचची जागा आहे का, तेही बघा.

बसवल्यावर झाकण उघडं ठेवून लिव्हर अगदी हळू, अर्धा सेंटिमीटर दाबा. कपाच्या तळाशी दोन भोकं असतात, त्यांतलं एक सुईच्या टोकाएवढं. तिथून तेलाचा बारीक उसळा वर आला तर ते भोक उघडं आहे. काहीच हललं नाही तर बहुधा लिव्हरला मोकळी चाल उरलेली नाही, किंवा भोक चोंदलंय. तसंच चालवलं तर तापलेल्या तेलाला परतायला वाट मिळत नाही, दाब आतच साठतो आणि चाक आपोआप आवळत जातं. असं असेल तर गाडी रस्त्यावर काढू नका.

हे सगळं करताना टाकीवर जाड कापड आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा. डॉट 3 आणि डॉट 4 प्रकारची ब्रेक ऑइलं रंग खातात. थेंब पडला तर चोळू नका, लगेच भरपूर पाणी ओता. आणि काढलेलं ड्रमचं चाक, केबल, लिव्हर विकू नका. पुढेमागे गाडी मूळ रूपात न्यावीशी वाटली तर ते भाग दुसरीकडे शोधणं फार अवघड जातं.