सिक्युरिटी एजन्सी काढताय? आधी एका पोस्टचा हिशेब मांडा

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात पलटणीतून घरी आलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो सिक्युरिटी एजन्सी काढण्याचा. सल्ला वाईट नाही. वय चाळिशीच्या आसपास, माणसं हाताळायची सवय आणि भरवशाचे जवान गावातच. पण हा धंदा जेवढा रखवालीचा, तेवढाच पगार पुरवण्याचा आहे. गिऱ्हाइकाचं बिल येईपर्यंत गार्डांचा पगार तुम्हीच भरायचा असतो. फौजेतून आलेल्यांच्या एजन्सी बंद पडतात त्या बहुतेक इथेच, शिस्तीअभावी नव्हे.

परवान्याचं थोडक्यात. २००५ च्या केंद्रीय खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली, म्हणजे बोलीभाषेतल्या 'पसारा'खाली, परवाना ५ वर्षांचा मिळतो. एका जिल्ह्यासाठी शुल्क ५ हजार, पाच जिल्ह्यांपर्यंत १० हजार, पूर्ण राज्यासाठी २५ हजार रुपये. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ४५ दिवस आधी द्यायचा. विनापरवाना एजन्सी चालवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. महाराष्ट्रात आणखी एक पायरी आहे आणि तिथे नवखे हमखास अडकतात. १९८१ च्या राज्य कायद्याखाली सुरक्षा रक्षक मंडळं आहेत, म्हणजे गार्डांची नोंदणी करून त्यांना काम देणारी सरकारी मंडळं. मंडळाच्या क्षेत्रातल्या कारखान्यात किंवा आस्थापनेत एजन्सीचे गार्ड लावायचे तर कलम २३ खालची सूट लागते. नुसता पसारा परवाना दाखवून एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्याचं काम घेऊ नका.

गणवेशाबद्दल बजावून सांगतो. लष्कर, नौदल, वायुदल किंवा पोलिसांसारखा दिसणारा गणवेश गार्डला घालता येत नाही. घातला तर गार्डबरोबर मालकावरही गुन्हा. आपल्या रेजिमेंटच्या रंगावर कितीही जीव असला तरी तो रंग इथे आणायचा नाही.

आता दर. 'चोवीस तास एक गार्ड पाहिजे' असं सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो, तेव्हा आठ तासांच्या तीन पाळ्या म्हणून तीन माणसांचा दर सांगून मोकळे होतात. पाळ्या आठवड्याला २१ होतात आणि एक माणूस साप्ताहिक सुट्टी धरून सहाच करतो. म्हणजे एका पोस्टला, गार्ड उभा राहायच्या एका जागेला, साडेतीन माणसं लागतात. रजा, आजारपण धरलं तर चारच्या जवळ.

उदाहरणापुरतं २६ दिवसांचं मूळ वेतन १८ हजार धरू (प्रत्यक्षात तुमच्या परिमंडळाचं चालू किमान वेतन बघा, विशेष भत्ता बदलत राहतो). मालकाचा पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवर १३ टक्के, म्हणजे १,९५०. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, सव्वातीन टक्के, ५८५. बोनस ८.३३ टक्के, साधारण १,५००. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, ८६६. बेरीज २२,९०१. भागिले २६ केलं की एक पाळी सुमारे ८८१ रुपयांना पडते. महिन्याच्या सरासरी ९१ पाळ्या आणि वर थोडं, म्हणजे एक पोस्ट ८० हजारांच्या वर जाते. यात गणवेश, सुपरवायझर, सणाच्या सुट्ट्या आणि तुमचा नफा धरलेला नाही. 'तीन माणसं गुणिले १८ हजार, वर १० टक्के' असा दर दिलात तर हातात येतात ५९,४००. एका पोस्टमागे महिन्याला २१ हजारांचा खड्डा. अशा पाच पोस्ट घेतल्या तर जितकं काम वाढेल तितके लवकर बुडाल.

बारा तासांच्या दोन पाळ्या स्वस्त पडतात हाही गैरसमज. वरचे चार तास ओव्हरटाइम, दुप्पट दराने. कायद्याने पैसे दिले तर दोन पाळ्यांचा पगार चार पाळ्यांइतका होतो. बाजारात अनेक जण एकेरी दराने भागवतात. तक्रार झाली की मागच्या सगळ्या महिन्यांचा फरक एकदम निघतो. जवानाचे पैसे कापून धंदा उभा करणं आपल्यातल्या माणसाला शोभत नाही, म्हणून असं काम सोडून द्या.

पैशाचं चक्र असं फिरतं. २० गार्ड धरा. एप्रिलचं बिल ३ मेला गेलं. एप्रिलचा पगार ७ मेपर्यंत, पीएफ-ईएसआय १५ मेपर्यंत. मेचा पगार ७ जूनला. गिऱ्हाईक ६० दिवसांनी देणार असेल तर पहिला पैसा जुलैच्या सुरुवातीला येतो. तोवर पगार आणि भरण्यापोटी सव्वाआठ लाख गेलेले असतात. वर १८ टक्के जीएसटी तुमच्यावर असेल तर तो बिलाच्या पुढच्या महिन्यात भरायचा, पैसे आलेले असोत वा नसोत. दोन महिन्यांचा मिळून पावणेदोन लाखांच्या पुढे. म्हणजे २० गार्डांमागे १० लाख हाताशी हवेत.

इथे एक सोय आहे. १ जानेवारी २०१९ पासून, तुमची एजन्सी कंपनी नसून एकल मालकीची किंवा भागीदारी असेल आणि गिऱ्हाईक जीएसटी-नोंदणीकृत असेल, तर कर गिऱ्हाइकानेच रिव्हर्स चार्जने भरायचा. सुरुवातीला एकल मालकी बरी म्हणतो ती यासाठी. सोसायटी नोंदणीकृत नसेल तर मात्र, तुमची नोंदणी झाली की, कर तुमच्याच बिलात येतो.

दहा लाख आणायचे कुठून? पेन्शनच्या ५० टक्क्यांपर्यंत कम्युटेशन, म्हणजे तेवढ्या भागाचे एकरकमी पैसे, घेता येतं, पण तेवढा भाग १५ वर्षं दरमहा कापला जातो. तो सगळा पैसा धंद्यात टाकू नका आणि त्यातून बोलेरो तर मुळीच घेऊ नका. पीएमईजीपीत, म्हणजे केंद्राच्या रोजगारनिर्मितीच्या कर्ज-अनुदान योजनेत, माजी सैनिकांना विशेष गटात धरतात, स्वतःचा वाटा ५ टक्केच, पण भांडवली खर्च नसलेला प्रकल्प त्यात बसत नाही. एजन्सीचा जवळजवळ सगळा खर्च पगाराचा, त्यामुळे त्या आशेवर राहू नका. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, मात्र पहिल्याच दिवशी करा, ती मोफत आहे. त्याने ४५ दिवसांच्या आत पैसे मिळण्याचा कायदेशीर हक्क येतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज मागता येतं. प्रत्यक्षात गिऱ्हाईक तुटेल म्हणून कोणी ते मागत नाही. तरीही ४५ दिवसांची मुदत करारातच लिहून घेतली की अकाउंट्सवाल्यांशी बोलणं सोपं जातं.

करारात 'चोरी झाल्यास पूर्ण भरपाई एजन्सीची' हे वाक्य असेल तर सही करू नका. जबाबदारी एका महिन्याच्या बिलापुरती, तीही एफआयआर आणि संयुक्त चौकशीनंतर, असं बदलून घ्या. आणि पोस्ट घेताना चार्ज घ्यावा तशी घ्या: तुटलेलं कुंपण, बंद दिवे, कुलूप नसलेली गोदामं, सगळं लिहून गिऱ्हाइकाची सही. सैन्यात हे अंगवळणी पडलेलं असतं, बाहेर आल्यावर का सोडतात कळत नाही.

भरती एकाच गावातून करू नका. गावच्या यात्रेला सगळेच रजा मागतात, आणि त्या रात्री गेटवर कोणी नसतं. एका साइटवर एका गावचे दोनपेक्षा जास्त नकोत. दर दहा गार्डांमागे एक पगारी रिलीव्हर, म्हणजे बदली गार्ड, असा ठेवा, ज्याला सगळ्या पोस्ट माहीत आहेत. त्याचा पगार दर काढतानाच धरा.